विंडोज पुन्हा टाकण्याआधी आणि टाकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉम्प्युटर अडकायला लागला की पहिला सल्ला मिळतो, "फॉरमॅट मार." सल्ला देणाऱ्याचं काही जात नाही. विंडोज टाकणं आता इतकं सोपं झालंय की एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) असेल तर साधारण अर्ध्या तासात कोरा डेस्कटॉप समोर येतो. नुकसान होतं ते आधी काय तपासलं नाही आणि काय काढून ठेवलं नाही, यामुळे. म्हणून इथली निम्मी उत्तरं पेनड्राइव्ह लावण्यापूर्वीची आहेत. सगळी माहिती विंडोज १० आणि ११ बद्दलची.

कॉम्प्युटर फार स्लो झालाय. फॉरमॅट मारला की फास्ट होईल का?

पहिले काही दिवस होईल. पुढचं मशीनमध्ये काय बसवलंय त्यावर. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि काहीही काम चालू नसताना पाच मिनिटं आकडे बघा. डिस्क सतत १०० टक्क्यांवर आहे आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क आहे, तर फॉरमॅटचे पैसे वाचवा आणि एसएसडी बसवा. विंडोज १० आणि ११ सारखी पार्श्वभूमीत काहीतरी लिहीत-वाचत असतात. फिरत्या डिस्कला ते झेपत नाही. मेमरी ९० टक्के भरलेली दिसली आणि रॅम ४ जीबी असेल, तर रॅम वाढवा. कागदोपत्री विंडोज ११ ला ४ जीबी पुरते, पण ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडणाऱ्या माणसाला नाही पुरत.

दोन्ही ठीक असेल तर सी ड्राइव्ह किती भरलीय आणि चालू होताना किती प्रोग्रॅम आपोआप सुरू होतात, ते बघा. ही साफसफाई दहा मिनिटांची आहे. ती केल्यावरही रडगाणं तेच असेल, तेव्हा फॉरमॅटचं बोलू.

निळी स्क्रीन येते, विंडोज चालूच होत नाही. म्हणजे विंडोज उडालं ना?

बऱ्याचदा नाही. १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातल्या सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडल्या. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. त्यावरचा उपाय होता सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच गोष्टींसह चालू करून) जाऊन एक फाइल काढून टाकणं. त्या दिवशी घाईने ज्याने फॉरमॅट मारला असेल, त्याने डेटा फुकट घालवला.

निळ्या स्क्रीनवर खाली एक स्टॉप कोड असतो. मोबाइलने त्याचा फोटो काढा, पुढे उपयोगी पडतो. त्यातला नेहमी भेटणारा एक म्हणजे 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. जुन्या डेस्कटॉपवर तो आला आणि तारीखही मागे गेलेली दिसली, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणसेल संपलाय का बघा. सेल संपला की बायोसच्या (मशीन चालू होताच सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंग मूळ पदावर जातात, डिस्क जोडण्याच्या दोन पद्धतींपैकी एएचसीआयची रेड (RAID) किंवा रेडची एएचसीआय होते आणि विंडोजला स्वतःचीच डिस्क ओळखता येत नाही. किराणा दुकानातही मिळणारा सेल बदलायचा, मोड पूर्ववत करायचा, काम झालं.

हे नसेल तर दुरुस्तीच्या मेनूत जा. विंडोजचा लोगो येताच पॉवर बटण दाबून धरून मशीन बंद करायचं. दोन-तीनदा असं केलं की पुढच्या वेळी 'ऑटोमॅटिक रिपेअर' आपोआप येतं. तिथे अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये स्टार्टअप रिपेअर, सिस्टिम रिस्टोअर आणि शेवटचं अपडेट काढून टाकण्याची सोय असते. कालपर्यंत नीट चालत होतं आणि रात्री अपडेट झालं, असं असेल तर अपडेट काढण्यापासून सुरुवात करा.

दोष डिस्कचा की विंडोजचा, हे कसं ओळखायचं?

फॉरमॅट मारून महिनाभरात पुन्हा तेच दुखणं आलं, तर दोष बहुतेक हार्डवेअरचा. पण तोवर थांबायची गरज नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेली नोंद वाचून दाखवतं. त्यात 'रीअ‍ॅलोकेटेड' किंवा 'पेंडिंग' सेक्टरपुढचा आकडा शून्य नसेल आणि वाढत असेल, तर ती डिस्क निवृत्तीला आलीय. अशा डिस्कवर विंडोज टाकणं म्हणजे वाळवी लागलेल्या चौकटीला नवा रंग देणं. आधी डेटा काढा, मग डिस्क बदला. फिरत्या डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर तपासण्याही करू नका. प्रत्येक मिनिट चालवण्याने ती आणखी खराब होते.

निळ्या स्क्रीनवर दरवेळी वेगळा कोड येत असेल तर रॅमवर संशय घ्या. विंडोजमध्येच मेमरी डायग्नॉस्टिक आहे. मेमटेस्ट८६ रात्रभर लावून ठेवलं तर जास्त खात्री होते. डेस्कटॉपमध्ये रॅम काढून, तिची पितळी दिसणारी कडा कोरड्या खोडरबराने हलकेच पुसून परत बसवणं हा जुना उपाय आजही चालतो.

विंडोज न उडवता दुरुस्त करता येतं का?

येतं, आणि लोक हाच मार्ग विसरतात. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी डिझम या साधनाची 'रिस्टोअर हेल्थ' आणि मग सिस्टिम फाइल चेकरची 'स्कॅन नाऊ' अशा दोन आज्ञा चालवायच्या. पहिली मायक्रोसॉफ्टकडून चांगल्या फाइली आणते, दुसरी बिघडलेल्या फाइली त्यांनी बदलते.

त्याने भागलं नाही आणि डेस्कटॉप अजून उघडत असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून त्याच भाषेची विंडोजची आयएसओ फाइल (अख्खी इन्स्टॉल डिस्क एकाच फाइलीत) उतरवा, तिच्यावर डबल क्लिक करा आणि आतला सेटअप चालवा. 'कीप पर्सनल फाइल्स अँड अ‍ॅप्स' हा पर्याय निवडलेला आहे ना, हे बघून पुढे जा. विंडोज स्वतःवरच नव्याने बसतं. फोटो, टॅली, प्रिंटर, सगळं जागच्या जागी राहतं. माझ्या मते ज्या मशीनवर ऑफिसचं काम चालतं तिथे फॉरमॅटच्या आधी हे केलंच पाहिजे. दुकानदार हे सहसा सुचवत नाही, कारण याला वेळ फॉरमॅटपेक्षा जास्त लागतो.

'रिसेट धिस पीसी' आणि पेनड्राइव्हने फ्रेश टाकणं, यात काय फरक?

रिसेट विंडोजच्या आतून होतं, पेनड्राइव्ह लागत नाही. त्यात 'कीप माय फाइल्स' निवडलं तर तुमच्या फाइली राहतात, पण बाहेरून टाकलेले सगळे प्रोग्रॅम जातात. काय काय गेलं त्याची यादी डेस्कटॉपवर मिळते. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडताना पुढचा प्रश्न घाईत सोडू नका. फक्त विंडोजची ड्राइव्ह साफ करायची की सगळ्या, असं विचारलं जातं. 'सगळ्या' म्हटलं की डी ड्राइव्हवरचा लग्नाचा अल्बमही गेला.

रिसेटमध्ये क्लाउड डाउनलोड आणि लोकल रीइन्स्टॉल असे दोन प्रकार आहेत. विंडोजच्या फाइलीच बिघडल्या असतील तर क्लाउड घ्या. त्याला चारेक जीबी डेटा लागतो. व्हायरसचा संशय असेल, डिस्क नवी असेल किंवा रिसेट मध्येच "प्रॉब्लेम आला" म्हणून थांबत असेल, तर पेनड्राइव्हने फ्रेश.

बॅकअपमध्ये नक्की काय काय घ्यायचं? माझं सगळं डी ड्राइव्हला आहे.

असं म्हणणाऱ्या बहुतेकांचं निम्मं सामान सी ड्राइव्हवर असतं. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स ही फोल्डरं सीवरच असतात. डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल "समोर दिसते" म्हणून सुरक्षित वाटते आणि तीच आधी जाते. वनड्राइव्ह चालू असेल तर यातली काही फोल्डरं तिथे हलवलेली असू शकतात. फाइलीशेजारी ढगाचं चिन्ह असेल तर ती फक्त ऑनलाइन आहे, पेनड्राइव्हवर घेण्याआधी ती उतरवून घ्यावी लागेल.

मग न दिसणारं सामान. ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क: सिंक चालू आहे का बघा, नसेल तर पासवर्डची फाइल एक्सपोर्ट करा आणि काम झाल्यावर ती पुसून टाका, कारण ती उघड्या मजकुराची असते. आउटलुकमधली जुनी मेल पीएसटी फाइलमध्ये असते. ऑफिसात मेल पॉप पद्धतीने येत असेल तर सर्व्हरवर तिची प्रत नसण्याची शक्यता मोठी. ती फाइल गेली की वर्षांची मेल गेली. वायफायचा पासवर्ड, प्रिंटरचं मॉडेल, सेटिंग्जमधल्या इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रॅमच्या यादीचे फोटो हेही काढून ठेवा. अँटिव्हायरस विकत घेतला असेल तर त्याची की जुन्या मेलमध्ये शोधा. लॅपटॉपसोबत आलेलं ऑफिस कुठल्या ईमेलवर नोंदवलं होतं ते आठवा. ते त्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेलं असतं, आणि अनेकदा तो ईमेल विकणाऱ्या दुकानातल्या मुलाने बनवलेला असतो.

बॅकअप घेतल्यावर तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. चार फोटो, दोन वर्ड फाइली, एक पीडीएफ. नुसतं फोल्डर दिसलं म्हणजे आतलं उघडतंच असं नाही.

विंडोज उघडतच नाही, मग बॅकअप कसा घेऊ?

विंडोजचा बूटेबल पेनड्राइव्ह, म्हणजे ज्यावरून मशीन चालू होतं तो, लावून मशीन चालू करा. तो कसा करायचा ते खाली आहे. भाषा विचारणाऱ्या पहिल्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबा, काळी खिडकी उघडेल. तिथे नोटपॅड सुरू करायची आज्ञा द्या. नोटपॅडच्या 'फाइल', 'ओपन'मध्ये खालची निवड 'ऑल फाइल्स' करा. आता ती खिडकी साध्या फाइल एक्सप्लोररसारखी वापरता येते: हव्या त्या फोल्डरवर राइट क्लिक, कॉपी, आणि दुसऱ्या पेनड्राइव्हवर पेस्ट. ड्राइव्हची अक्षरं इथे बदललेली असू शकतात, सीची डी झालेली दिसली तर घाबरू नका.

डेटा खूप असेल तर लिनक्स मिंट किंवा उबुंटूचा पेनड्राइव्ह करून, इन्स्टॉल न करता नुसतं चालवून कॉपी करणं सोयीचं. किंवा डिस्क बाहेर काढून यूएसबी केसिंगमध्ये घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा.

मध्येच निळ्या पडद्यावर ४८ आकडी की मागतोय. ही कुठून आणू?

ही बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की. "मी तर कधी बिटलॉकर लावलंच नाही" असं जवळपास प्रत्येकजण म्हणतो, आणि ते खरंही असतं. अलीकडच्या अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते; विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजवर हे आणखी सर्रास झालं. बायोसमधली एखादी सेटिंग बदलली की मशीन की मागू शकतं.

की मिळण्याची पहिली जागा म्हणजे त्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटचं संकेतस्थळ. मोबाइलवरून लॉगिन करून डिव्हाइसेसमध्ये बघा. पडद्यावर दिसणाऱ्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवून बरोबर की निवडा. कंपनीचा किंवा कॉलेजचा लॅपटॉप असेल तर की त्यांच्या आयटी विभागाकडे असते; असा लॅपटॉप स्वतः फॉरमॅट करूच नका.

की मिळालीच नाही तर मशीनवर विंडोज नव्याने टाकता येतं, पण जुना डेटा परत येत नाही. कुणी "तोडून देतो" म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका. आज मशीन नीट चालत असेल तर आत्ताच सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' बघा आणि की कागदावर उतरवून कपाटात ठेवा.

टॅली, जीएसटी, डीएससी टोकनचं काय होतं?

टॅलीचा डेटा ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचा पाथ कंपनी निवडण्याच्या पडद्यावर दिसतो. आकडी नावाचं ते अख्खं फोल्डर कॉपी करा. टॅलीच्या आतून घेतलेला बॅकअपही जोडीला असू द्या. आणि फॉरमॅटच्या आधी लायसन्स सरेंडर करा. नवीन विंडोजवर ते पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करता येतं. सरेंडर राहिलं तरी मार्ग निघतो, पण रिटर्नची शेवटची तारीख तोंडावर असताना तो मार्ग काढत बसणं कुणाला परवडतं? महिन्याच्या १८-१९ तारखेला अकाउंटंटचं मशीन फॉरमॅटला घेऊ नये. जीएसटीआर-३बी या जीएसटी रिटर्नची तारीख सहसा २० असते.

डिजिटल सिग्नेचर (डीएससी) यूएसबी टोकनमध्येच असते, फॉरमॅटने जात नाही. फक्त त्या टोकनचा ड्रायव्हर, म्हणजे इपास २००३, प्रॉक्सकी वगैरे जे असेल ते, आणि पोर्टलला लागणारं एमसाइनरसारखं सॉफ्टवेअर पुन्हा टाकायचं. सावध राहायचं ते एका गोष्टीत: ड्रायव्हर टाकताना 'इनिशियलाइज' किंवा 'फॉरमॅट टोकन' असं काही दिसलं तर त्याला हात लावायचा नाही.

मराठी फाइली फॉरमॅटनंतर अगम्य दिसतात. डेटा खराब झाला का?

डेटा ठीक आहे, फॉण्ट गेलाय. ग्रामपंचायती, छापखाने, वकिलांची कार्यालयं, शाळा यांच्याकडचा जुना मजकूर श्रीलिपी, आयएसएम किंवा कृतिदेव यांच्या बिगर-युनिकोड फॉण्टमध्ये असतो. फाइलीत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात, मराठी आकार देतो तो फॉण्ट. म्हणून फॉरमॅटपूर्वी विंडोज फोल्डरमधलं फॉण्ट्स हे फोल्डर पूर्ण कॉपी करून ठेवा. श्रीलिपी डाँगलवर (लायसन्ससाठी मशीनला लावायच्या छोट्या चावीवर) चालत असेल तर डाँगल आणि तिची इन्स्टॉल सीडी दोन्ही हाताशी आहेत का ते आधी बघा; सीडी सापडत नाही आणि नव्या मशीनला सीडी ड्राइव्हच नाही, हे फॉरमॅट झाल्यावर लक्षात येणं फार महागात पडतं.

युनिकोड मराठीची काळजी नको. निर्मला हा फॉण्ट विंडोजसोबत येतो, मराठी भाषा घेतली की मंगलही येतो. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी घेतलं की इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो, फोनेटिकही मिळतो. तिथेच 'इंग्लिश इंडिया' कीबोर्ड घेतला तर उजवा ऑल्ट आणि ४ दाबून रुपयाचं चिन्ह उमटतं.

माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही. लायसन्स जाईल का?

विंडोज ८ पासूनच्या, विंडोजसह विकत घेतलेल्या लॅपटॉपमध्ये की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच असते. सेटअप ती स्वतः वाचतो. विंडोज १० पासून तर एकदा अ‍ॅक्टिव्हेट झालेल्या मशीनची नोंद मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर राहते. की मागितली तर 'आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की' म्हणा, नेटला जोडलं की अ‍ॅक्टिव्हेशन आपोआप होतं. मदरबोर्ड बदलला तर मात्र ही नोंद तुटते.

आता आपल्याकडची खास गडबड. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपवर 'होम सिंगल लँग्वेज' ही आवृत्ती असते. दुकानात फॉरमॅटला दिला की सवयीने प्रो टाकलं जातं. तुमचं लायसन्स होमचं, टाकलेलं विंडोज प्रोचं. साहजिकच कोपऱ्यात 'अ‍ॅक्टिव्हेट विंडोज' येतं. मग ते घालवण्यासाठी क्रॅक मारला जातो आणि क्रॅक चालावा म्हणून अँटिव्हायरस बंद केला जातो. पैसे भरून घेतलेलं अस्सल विंडोज असलेल्या लॅपटॉपवर चोरीचं विंडोज, आणि वर फॉरमॅटचे पैसे. म्हणून देण्याआधी सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे आवृत्तीचं नाव बघून ठेवा आणि "हीच टाका" असं स्पष्ट सांगा.

ऑनलाइन काहीशे रुपयांना मिळणाऱ्या 'ओरिजिनल' किया बहुतेक कुठल्यातरी कंपनीच्या घाऊक परवान्यातल्या असतात आणि कधीही बंद पडू शकतात.

बूटेबल पेनड्राइव्ह कसा करायचा?

दुसऱ्या चालू कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल उतरवा, किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लावा आणि ते सांगेल तसं करा. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. उतरवायची फाइल पाच-सहा जीबीची असते. रोजच्या २ जीबीच्या पॅकवर हे होणार नाही, ब्रॉडबँडवाल्या शेजाऱ्याला गाठा. आयएसओ आधीच असेल तर रुफस हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. फाइली नुसत्या कॉपी-पेस्ट करून चालत नाही: फॅट३२ पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि विंडोजची मुख्य फाइल अनेकदा त्याहून मोठी भरते.

'लाइट', 'गेमिंग एडिशन' अशा नावाने फिरणारी कापून-छाटून केलेली विंडोज घेऊ नका. काय काढलंय ते कळत नाही आणि काय घातलंय ते तर मुळीच नाही.

पेनड्राइव्ह लावला तरी जुनंच विंडोज चालू होतं.

मशीन चालू करताच बूट मेनूची की पटापट दाबत राहा. डेल, लेनोव्हो आणि एसर लॅपटॉपवर एफ१२, एचपीवर एफ९, आसूसच्या लॅपटॉपवर एस्केप. सुटे भाग जोडून केलेल्या डेस्कटॉपवर गिगाबाइटच्या बोर्डला एफ१२, एमएसआयला एफ११, आसूसला एफ८. एसरमध्ये हा मेनू आधी बायोसमधून चालू करावा लागू शकतो. लॅपटॉपवर एफ कीसोबत एफएन दाबावं लागतं का तेही करून बघा. मेनूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर नावाआधी यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) असलेला निवडा.

आणि उलट तक्रारही येते: फाइली कॉपी होऊन मशीन रिस्टार्ट झालं की पुन्हा पहिल्यापासून सेटअप. पहिल्या रिस्टार्टला पेनड्राइव्ह काढून घ्या.

पार्टिशनच्या पडद्यावर काय डिलीट करायचं?

इथे चहा बाजूला ठेवा. या एकाच पडद्यावर डेटा जातो, बाकी कुठे नाही.

डिस्क एकच असेल तर १०० एमबीच्या आसपासचं सिस्टिम पार्टिशन, १६ एमबीचं एमएसआर, मोठं प्रायमरी म्हणजे तुमची सी, शेवटी काहीशे एमबीचं रिकव्हरी असं दिसतं. डी ड्राइव्ह असेल तर आणखी एक प्रायमरी. इथे सी, डी ही अक्षरं दिसत नाहीत, म्हणून दोन्हींचा आकार आणि रिकामी जागा आधी कागदावर लिहून आणा. डी ठेवायची असेल तर तिला हात न लावता बाकीची डिलीट करा. तयार झालेल्या 'अनअ‍ॅलोकेटेड' जागेवर क्लिक करून पुढे जा. लागणारी छोटी पार्टिशनं सेटअप स्वतः बनवतो.

दोन वेगळ्या डिस्क असतील, म्हणजे एसएसडी आणि हार्ड डिस्क, तर डेस्कटॉपमध्ये हार्ड डिस्कची केबलच काढून ठेवा. दोन फायदे: चुकून ती पुसली जात नाही, आणि सेटअप बूटच्या फाइली तिच्यावर टाकून ठेवत नाही. तसं झालं की पुढे कधी हार्ड डिस्क काढली तर एसएसडीवरचं विंडोजही चालू होत नाही, आणि कारण शोधताना भलेभले चक्रावतात.

"डिस्क जीपीटी पद्धतीची आहे, विंडोज टाकता येत नाही" असं आलं तर पेनड्राइव्ह जुन्या लेगसी पद्धतीने चालू झालाय. यूईएफआयवाल्या नोंदीतून पुन्हा सुरू करा. डिस्कची पद्धत बदलायला गेलात तर तिच्यावरचं सगळं जाईल.

डिस्कच दिसत नाही, यादी रिकामी आहे.

इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉपवर हे नेहमीचं. व्हीएमडी नावाची सोय चालू असते आणि सेटअपकडे तिचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर उतरवून, उलगडून पेनड्राइव्हवर ठेवा आणि 'लोड ड्रायव्हर'मधून दाखवा. डिस्क लगेच दिसते. डिस्क मेलीय असं ठरवून नवी घेऊ नका.

चालू असताना लाइट गेली तर?

विंडोज टाकताना गेली तर पुन्हा पहिल्यापासून टाकायचं, एवढंच. डी ड्राइव्हला काही होत नाही. बायोस अपडेट करताना लाइट गेली तर मात्र मदरबोर्ड मुका होऊ शकतो. भारनियमनाच्या दिवशी बायोसला हात लावू नका.

नवीन विंडोजवर वायफायच नाही, आणि ते इंटरनेटशिवाय पुढे जाऊ देत नाही.

अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलने कॉम्प्युटरला देणं) चालू करा. त्याला बहुधा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. नेट मिळालं की विंडोज अपडेट वायफायसकट बरेच ड्रायव्हर स्वतः आणतं. 'ऑप्शनल अपडेट्स'मध्येही डोकावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण उरला तर लॅपटॉपच्या तळाचा सिरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तिथलाच ड्रायव्हर घ्या. 'ड्रायव्हर पॅक' नावाची सॉफ्टवेअरं टाळा.

विंडोज ११ होमला सुरुवातीला इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं. ते चुकवण्याच्या पळवाटा कंपनी एकेक करून बंद करत आलीय. घरातल्या एकाच्या नावाने, लक्षात राहील असं अकाउंट बनवा. बिटलॉकरची की पुढे तिथेच जाणार आहे.

विंडोज १० पुन्हा टाकू की थेट ११?

विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या सुरक्षा अपडेटची सोय मायक्रोसॉफ्टने जाहीर केली, पण तिच्यासाठी वेगळी नोंदणी लागते. त्यामुळे मशीन ११ ला पात्र असेल तर फॉरमॅटच्या निमित्ताने ११ च टाका. ढोबळ कसोटी: इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची, एएमडी असेल तर रायझन २००० मालिका किंवा पुढची, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप. मायक्रोसॉफ्टचं पात्रता तपासणारं पीसी हेल्थ चेक "टीपीएम नाही" म्हणालं तरी बायोसमध्ये इंटेलचं पीटीटी किंवा एएमडीचं एफटीपीएम बंद आहे का ते बघा; डेस्कटॉपवर ते बंदच सापडतं.

सातव्या पिढीचा आय५ असलेला, धडधाकट चालणारा लॅपटॉप या नियमाने बाहेर फेकला जातो, हे पटत नाही. पळवाटेने ११ बसतं, पण पुढची अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. मुलांचा अभ्यास, यूट्यूब, मेल एवढंच असेल तर त्यावर लिनक्स मिंट टाका. टॅली किंवा डीएससी लागत असेल तर लिनक्सच्या वाटेला जाऊ नका.

सगळ्या फाइलींची नावं बदललीत आणि पैसे मागणारी चिठ्ठी आलीय. लगेच फॉरमॅट मारू?

थांबा. आधी नेटची केबल काढा, वायफाय बंद करा, जोडलेला बॅकअपचा ड्राइव्ह सोडवा. चिठ्ठी आणि दोन-चार लॉक झालेल्या फाइली वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. अशा खंडणीखोर व्हायरसला रॅन्समवेअर म्हणतात; काही जुन्या रॅन्समवेअरच्या चाव्या 'नो मोअर रॅन्सम' या प्रकल्पाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. लॉक फाइली जपल्या असतील तर चावी पुढे कधी आली तरी उपयोग होतो. बँकेतून पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. मग फ्रेश इन्स्टॉल, तेही सगळी पार्टिशनं उडवून.

चुकून डी ड्राइव्हच फॉरमॅट झाली!

मशीन ताबडतोब बंद करा. फिरती डिस्क असेल आणि वर नवीन काही लिहिलं गेलं नसेल तर क्विक फॉरमॅटनंतरही बराच डेटा निघतो. डिस्क दुसऱ्या मशीनला लावून, निघालेल्या फाइली तिसऱ्याच ड्राइव्हवर उतरवायच्या. एसएसडी असेल तर आशा फार कमी, कारण ट्रिम आज्ञेमुळे मोकळ्या झालेल्या जागा ती स्वतःहून रिकाम्या करत जाते.

सी ड्राइव्हवर फॉरमॅट न करता विंडोज टाकलं गेलं असेल तर मात्र सीमध्ये 'विंडोज.ओल्ड' हे फोल्डर शोधा. तुमचा जुना डेस्कटॉप त्यात असतो. साधारण दहा दिवसांनी विंडोज ते स्वतः पुसतं.

दुकानात द्यायचा असेल तर काय सांगून द्यावा?

डेटा आपण काढून नेलेला बरा. ते जमत नसेल तर बॅकअप समोर घ्यायला सांगा. कागदावर लिहून द्या: विंडोजची कुठली आवृत्ती, डी ड्राइव्हला हात लावायचा नाही, क्रॅक नको. परत घेताना तिथेच अ‍ॅक्टिव्हेशनचा पडदा उघडून बघा, कॅमेरा, आवाज, वायफाय तपासा. एसएसडी बदलली असेल तर जुनी डिस्क मागून घ्या. ती तुमची आहे आणि तिच्यात तुमच्या आधार-पॅनच्या प्रती आहेत.

जुना लॅपटॉप विकतोय. साधा फॉरमॅट पुरेसा आहे का?

नाही. आधी वनड्राइव्हवर तुमचं सगळं आलंय ना ते दुसऱ्या मशीनवरून बघा. मग रिसेटमध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडून पुढे 'क्लीन डेटा' चालू करा. फिरत्या डिस्कला त्यात कित्येक तास लागतात, चार्जर लावून रात्री ठेवून द्या. मशीन आधीपासून एन्क्रिप्टेड असेल तर काम आणखी पक्कं होतं. त्यानंतर मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या संकेतस्थळावर डिव्हाइसेसच्या यादीतून तो लॅपटॉप काढून टाका, आणि मगच गिऱ्हाइकाला फोन करा.